एका कागदावर अनेक हात

(द्वितीय वर्ष, कला शाखा)

अर्थशास्त्राच्या पाठ्यपुस्तकात 'उत्पादकता' या शब्दाची व्याख्या एका ओळीत आटोपते. जेवढे उत्पादन झाले त्याला, त्यासाठी खर्ची पडलेल्या श्रमाने भागावे. जो भागाकार येईल ती श्रमाची उत्पादकता. शेतात किती क्विंटल ज्वारी झाली आणि किती माणसे किती दिवस राबली हे मोजता येते. गिरणीत किती मीटर कापड निघाले हेही मोजता येते. तेथे ही व्याख्या चपखल बसते. परंतु कचेरीत बसून माणूस जे काम करतो, म्हणजे पत्राचा मसुदा, अहवाल, हिशेब, एखाद्या योजनेचा आराखडा, त्याचे काय? दिवसभरात तीन पत्रे लिहिणारा कारकून एकच पत्र लिहिणाऱ्यापेक्षा तिप्पट उत्पादक आहे असे कोणी म्हणणार नाही. त्या एका पत्राने कदाचित एखाद्या गावाचा पाण्याचा प्रश्न सुटलेला असेल. आणि ते एक पत्र जर चार जणांनी चार ठिकाणी बसून एकाच वेळी लिहिलेले असेल, तर हा भागाकार करावयाचा तरी कसा?

हा प्रश्न आता केवळ परीक्षेपुरता राहिलेला नाही. आंतरजालावर एकाच कागदावर अनेकांनी मिळून काम करण्याची साधने आज सर्वत्र झाली आहेत. आपल्या महाविद्यालयातही प्रकल्पाचा गट पडला की पहिल्या दिवशी व्हॉट्सॲपचा ग्रुप आणि दुसऱ्या दिवशी सामायिक शीट तयार होते. या साधनांमुळे काम भराभर होते, एवढेच सरसकट सांगितले जाते. मला मात्र अभ्यासाअंती असे वाटू लागले आहे की या साधनांचा खरा परिणाम वेगावर नसून 'काम कोणाचे, आणि ते कोणाला दिसते' या जुन्या प्रश्नावर आहे. तो प्रश्न समजून घेण्यासाठी थोडे मागे जावे लागते.

फ्रेडरिक विन्स्लो टेलर या अमेरिकन अभियंत्याचे शास्त्रीय व्यवस्थापनावरील पुस्तक १९११ साली प्रसिद्ध झाले. त्यातील बेथलेहेम येथील पोलाद कारखान्याची हकीकत वाणिज्य शाखेचे आपले मित्र तोंडपाठ सांगतात. कच्च्या लोखंडाच्या लाद्या उचलून रेल्वेच्या वाघिणीत भरणारा मजूर दिवसाला साडेबारा टन माल हलवीत असे. टेलरने हातात घड्याळ धरून त्याची प्रत्येक हालचाल बेतून दिली, केव्हा उचलायचे, केव्हा चालायचे, केव्हा बसायचे हे ठरवून दिले, आणि तोच मजूर साडेसत्तेचाळीस टन हलवू लागला, असे तो लिहितो. मजुरी १ डॉलर १५ सेंटवरून १ डॉलर ८५ सेंट झाली. म्हणजे काम जवळजवळ चौपट आणि मजुरी दीडपटीहून थोडी जास्त. पुढच्या अभ्यासकांनी या हकीकतीतील तपशिलांबद्दल शंका घेतल्या आहेत, त्या बाजूला ठेवू. टेलरच्या विचाराचा गाभा आकड्यांत नाही. विचार करणारा एक आणि हात चालविणारा दुसरा, अशी त्याने कामाची फाळणी केली. मजुराने डोके चालवू नये, ते वरच्या खोलीत बसलेल्या माणसाने चालवावे.

कारखान्यातील ही फाळणी कचेरीतही आली. मजकूर सांगणारा साहेब वेगळा, टंकलेखन करणारा वेगळा, तपासणारा वेगळा आणि सही करणारा वेगळा. आपल्याकडील सरकारी कचेरीला तर त्याहून जुनी, इंग्रजी अमलातील शिस्त आहे. अर्ज आला की आवक नोंदवहीत नोंद, मग फाईल, फाईलवर टिपणी, आणि ती फाईल या टेबलावरून त्या टेबलावर. फाईल एका वेळी एकाच टेबलावर असू शकते, ही या पद्धतीतील खरी मेख आहे. ज्याच्या टेबलावर ती आहे तो रजेवर असला की बाकीचे सगळे थांबतात. 'फाईल वर गेली आहे' हे वाक्य ज्यांनी कचेरीच्या व्हरांड्यात उभे राहून ऐकले आहे त्यांना अधिक सांगावयास नको. परंतु न्याय म्हणून हेही सांगितले पाहिजे की फाईलचा एक मोठा गुण आहे. कोणी काय लिहिले, कोणत्या तारखेला लिहिले आणि खाली सही कोणाची, हे वीस वर्षांनंतरही दिसते. हा गुण लक्षात ठेवावा. पुढे त्याची गरज पडणार आहे.

कागद एका वेळी एकाच ठिकाणी असतो ही अट मोडण्याचे पहिले मोठे जाहीर प्रात्यक्षिक ९ डिसेंबर १९६८ रोजी सॅन फ्रान्सिस्को येथे झाले. डग्लस एंगेलबार्ट हा संशोधक एका संगणक परिषदेत सुमारे दीड तास बोलला. सुमारे तीस मैलांवरच्या मेन्लो पार्क येथील प्रयोगशाळेत त्याचे सहकारी बसले होते. मोठ्या पडद्यावर एकाच मजकुरात दोघांनी काम केले, आणि काम चालू असता एका कोपऱ्यात तिकडच्या सहकाऱ्याचा चेहराही दिसत होता. आज आपल्या हाताखाली असलेला माऊसही त्या दिवशी जगाने प्रथमच पाहिला. लोक माऊसच लक्षात ठेवतात, हे एंगेलबार्टचे दुर्दैव म्हटले पाहिजे. त्याने १९६२ साली लिहिलेल्या अहवालाचा विषय होता मानवी बुद्धीचे संवर्धन. जगापुढचे प्रश्न इतके गुंतागुंतीचे होत चालले आहेत की एकट्या माणसाची बुद्धी त्यांना पुरी पडणार नाही, म्हणून माणसांच्या समूहाला एकत्र विचार करता आला पाहिजे, ही त्याची तळमळ होती. कारकुनाकडून जास्त पत्रे काढून घेणे हा त्याचा हेतू नव्हता. टेलरने विचार आणि हात वेगळे केले. एंगेलबार्ट ते पुन्हा जोडू पाहत होता.

प्रात्यक्षिक झाले तरी साधन सर्वांच्या हाती येण्यास पुढे चाळीस वर्षे लागली. त्यात एक तांत्रिक अडचण अशी होती की ती समजून घेतल्यावर मला या विषयाची खरी गोडी लागली. ती उदाहरणाने सांगते. समजा, दोन मैत्रिणी दोन गावांत बसून एकच वाक्य दुरुस्त करीत आहेत: 'गावात पाणी नाही.' पहिलीला वाटते, सुरुवातीला 'आमच्या' हा शब्द हवा. दुसरीला वाटते, 'पाणी'च्या आधी 'पिण्याचे' हा शब्द हवा. दोघींनी एकाच क्षणी आपापला शब्द घातला. संगणकाकडे दोन हुकूम गेले: 'पहिल्या शब्दाआधी आमच्या' आणि 'दुसऱ्या शब्दाआधी पिण्याचे'. पहिला हुकूम अमलात आला की वाक्य झाले 'आमच्या गावात पाणी नाही.' आता दुसरा हुकूम जसाच्या तसा पाळला तर? दुसरा शब्द आता 'गावात' झालेला आहे. वाक्य होईल 'आमच्या पिण्याचे गावात पाणी नाही.' दोघीही बरोबर होत्या, आणि तरीही वाक्य बिघडले.

यावर उपाय दोन. एक लिहीत असता दुसरीने थांबावे, म्हणजे पुन्हा फाईल एका टेबलावर. किंवा संगणकाने दुसरा हुकूम पाळण्यापूर्वी तो बदलून घ्यावा: मध्ये एक शब्द वाढला आहे, तेव्हा 'दुसऱ्या'च्या जागी 'तिसऱ्या' समजावे. मग वाक्य बरोबर उतरते: 'आमच्या गावात पिण्याचे पाणी नाही.' प्रत्यक्षात संगणक शब्दांऐवजी अक्षरचिन्हे मोजतो, पण तत्त्व हेच. दुसऱ्याने दरम्यान काय केले आहे ते पाहून आपले म्हणणे जुळवून घेणे. क्लॅरेन्स एलिस आणि सायमन गिब्स या दोघांनी १९८९ साली ही पद्धत शास्त्रशुद्ध रीतीने मांडली. यांतील एलिस यांच्याविषयी थोडे विषयांतर करून सांगावेसे वाटते. शिकागोतील गरीब वस्तीत वाढलेला हा कृष्णवर्णीय मुलगा पंधराव्या वर्षी एका विमा कंपनीत रात्रपाळीचा पहारेकरी होता. तेथील संगणकाला हात लावावयाचा नाही, फक्त राखण करावयाची, अशी त्याला ताकीद होती. त्याने रात्री जागून त्या यंत्राची माहितीपुस्तके वाचून काढली. पुढे १९६९ साली संगणकशास्त्रात पीएच.डी. मिळविणारे ते पहिले आफ्रिकी-अमेरिकन ठरले. अनेकांनी एकाच कागदावर लिहावे यासाठीचे गणित अशा माणसाने घडविले, याचा मला फार आनंद वाटला.

त्यानंतरचा इतिहास आपल्या परिचयाचा आहे, तेव्हा तो भरभर सांगते. वॉर्ड कनिंगहॅम या प्रोग्रॅमरने मार्च १९९५ मध्ये, कोणीही येऊन दुरुस्त करू शकेल असे पान आंतरजालावर सुरू केले आणि त्याला 'विकी' हे हवाई भाषेतील, 'झटपट' अशा अर्थाचे नाव दिले. त्यातून २००१ साली विकिपीडिया आणि २००३ साली मराठी विकिपीडिया आला. गूगलने २००६ साली 'रायटली' हे साधन बनविणारी छोटी कंपनी विकत घेतली, तिच्यातून गूगल डॉक्स घडले. मराठीपुरते बोलावयाचे तर आणखी एक पायरी मध्ये होती. युनिकोड ही अक्षरांची जागतिक संकेतपद्धती १९९१ पासून आली आणि तीत देवनागरी होती, तरी आपल्याकडील छापखाने आणि कचेऱ्या कितीतरी वर्षे वेगवेगळ्या खासगी फाँटांत लिहीत राहिल्या. एका संगणकावरचे मराठी पत्र दुसऱ्यावर उघडले की इंग्रजी अक्षरांची खिचडी दिसे. ज्याला दुसऱ्याचा कागद वाचताच येत नाही त्याने त्यावर मिळून लिहावे कसे? सामायिक कागद मराठीत शक्य झाला तो युनिकोड रूढ झाल्यावरच.

आता मुख्य मुद्द्याकडे वळते. एवढी साधने आली, तर उत्पादकता वाढली का?

रॉबर्ट सोलो या अर्थशास्त्रज्ञाने १९८७ साली, म्हणजे त्याला नोबेल पारितोषिक मिळाले त्याच वर्षी, एक मार्मिक शेरा मारला होता. संगणकाचे युग सगळीकडे दिसते, फक्त उत्पादकतेच्या आकडेवारीत दिसत नाही, असा त्याचा आशय. याला 'सोलोचा विरोधाभास' म्हणतात. १९९० साली पॉल डेव्हिड या आर्थिक इतिहासकाराने त्याला जे उत्तर दिले ते मला या सर्व वाचनातील सर्वांत मोलाचे वाटले. त्याने संगणक बाजूला ठेवला आणि विजेची गोष्ट सांगितली.

एडिसनचे न्यूयॉर्कमधील वीजकेंद्र १८८२ साली सुरू झाले. तरीही शतक संपता संपता अमेरिकेतील कारखान्यांत यंत्रे फिरविण्यासाठी लागणाऱ्या शक्तीपैकी जेमतेम पाच टक्के शक्ती विजेच्या मोटारींची होती, आणि उत्पादकतेत भरघोस वाढ दिसली ती १९२० नंतरच्या दशकात. चाळीस वर्षे विजेने काय केले? जुन्या कारखान्यात एक प्रचंड वाफेचे इंजिन असे. ते छतालगतचा लांबच लांब दांडा फिरवी, आणि त्या दांड्यावरून खाली आलेल्या पट्ट्यांनी प्रत्येक यंत्र फिरे. ज्यांनी पिठाच्या गिरणीतील पट्टा पाहिला आहे त्यांनी तसे शे-दीडशे पट्टे एका छताखाली कल्पावेत. शक्ती वाया जाऊ नये म्हणून यंत्रे इंजिनाच्या जवळ, एकावर एक मजले चढवून कोंबलेली. एक यंत्र चालवायचे तरी सगळा दांडा फिरणार. दांडा बंद पडला तर सगळा कारखाना बंद. वीज आली तेव्हा मालकांनी एवढेच केले की वाफेचे इंजिन काढून त्या जागी एक मोठी विजेची मोटार बसविली. दांडा तोच, पट्टे तेच, मजले तेच. फायदा थोडासाच झाला.

पुढे कोणाच्या तरी लक्षात आले की प्रत्येक यंत्राला स्वतःची लहान मोटार देता येते. मग दांड्याची गरजच उरली नाही. यंत्रे इंजिनाच्या सोयीने मांडण्याऐवजी कामाच्या क्रमाने मांडता आली. एकमजली, उजेडाच्या, हवेशीर इमारती झाल्या. एक यंत्र बंद ठेवून दुसरे चालविता आले. उत्पादकता वाढली ती विजेने, पण कारखाना नव्याने मांडला तेव्हा.

ही गोष्ट वाचल्यापासून मला प्रत्येक कचेरीत तो छताखालचा दांडा दिसू लागला आहे. आपणही एखादा अहवाल संगणकावर टाइप करतो आणि ई-मेलला जोडून पाच जणांना पाठवितो. पाच जण आपापल्या प्रतीत दुरुस्त्या करून पाच फाईली परत पाठवितात. त्यांची नावे 'अहवाल अंतिम', 'अहवाल अंतिम २', 'अहवाल नक्की अंतिम' आणि 'अहवाल सरांनी तपासलेला अंतिम' अशी असतात. ही वाफेच्या इंजिनाच्या जागी बसविलेली मोटारच होय. कागद गेला, पण कागद एका वेळी एकाच टेबलावर असतो ही मांडणी गेली नाही. सरकारी कचेऱ्यांसाठी राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्राने तयार केलेल्या ई-ऑफिस प्रणालीत टिपणीचे पान हिरव्या रंगाचे असते, कारण जुन्या फाईलीत ते हिरवे असे. फाईल आता हरवत नाही, ती कोणाच्या टेबलावर आहे हे कळते, हा मोठाच लाभ आहे. पण ती टेबलाटेबलानेच वर चढते.

तेव्हा सगळ्यांनी सगळे एकाच वेळी लिहावे, फाईलीची उतरंड मोडून टाकावी, असे म्हणावे काय? येथे मी थोडी थांबते. एंगेलबार्टचे भक्त जेवढ्या उत्साहाने होय म्हणतील तेवढ्या उत्साहाने मला म्हणता येत नाही, आणि त्याची दोन कारणे आहेत.

पहिले कारण गणिती आहे. फ्रेडरिक ब्रुक्स हा आयबीएम कंपनीत संगणकप्रणालीच्या एका अवाढव्य कामाचा प्रमुख होता. त्या अनुभवावर त्याने १९७५ साली पुस्तक लिहिले. उशीर झालेल्या कामावर आणखी माणसे लावली की काम आणखी लांबते, हा त्यातील सिद्धान्त आज 'ब्रुक्सचा नियम' म्हणून ओळखला जातो. कारण सोपे आहे. प्रत्येकाला प्रत्येकाशी बोलावे लागत असेल तर पाच माणसांत बोलण्याच्या जोड्या १० होतात, दहा माणसांत ४५ आणि पन्नास माणसांत १,२२५. माणसे दहापट, बोलणे शंभरपटीहून जास्त. निरोपांची नवी साधने या बोलण्याचा खर्च जवळजवळ शून्यावर आणतात, म्हणून बोलणे बेसुमार वाढते. 'स्लॅक' हे साधन मुळात एक संगणकीय खेळ बनविणाऱ्या छोट्या गटाने आपल्या आपसातील बोलण्यासाठी केले होते. खेळ २०१२ साली बंद पडला, बोलण्याचे साधन मात्र २०१४ पासून कंपन्या-कंपन्यांत पसरले. दर दोन मिनिटांनी टिणटिण वाजणाऱ्या निरोपांमध्ये नीट विचाराचे एक पान लिहून होत नाही, हा अनुभव परीक्षेच्या आदल्या रात्री वर्गाचा ग्रुप चालू ठेवणाऱ्या प्रत्येकाला आहे.

म्हणून ज्यांनी ही साधने शहाणपणाने वापरली त्यांनी बोलणे कमी करून लिहिणे वाढविले, असे दिसते. 'गिटलॅब' या कंपनीला मुख्य कचेरीच नाही. माणसे देशोदेशी घरी बसून काम करतात. कामाचा प्रत्येक नियम एका भल्या मोठ्या सामायिक हस्तपुस्तिकेत लिहिलेला असतो, ती सगळ्या जगाला वाचता येते, आणि कोणाला नियम बदलावा असे वाटले तर तो त्या पानावरच दुरुस्ती सुचवितो. लिनस टोरवाल्ड्सने २००५ साली तयार केलेल्या 'गिट' या साधनाची रीत तर गूगल डॉक्सच्या उलट आहे. प्रत्येकाने आपली प्रत वेगळी घ्यावी, शांतपणे काम करावे, आणि झाल्यावर ते मूळ प्रतीत विलीन करण्याची विनंती करावी. कोणीतरी ते वाचून मगच आत घेतो. हजारो माणसांनी मिळून रचलेली लिनक्स प्रणाली अशी चालते. फाईलीचा तो जुना गुण, कोणी काय लिहिले आणि कोणाच्या संमतीने, येथे जपला गेला आहे. माझे मत असे झाले आहे की मसुदा होईपर्यंत सर्वांचे हात कागदावर असावेत, पण निर्णयाखाली सही एकाची असावी. सर्वांची सही म्हणजे कोणाचीच नाही.

दुसरे कारण मात्र माझ्या दृष्टीने अधिक गंभीर आहे.

मार्च २०२० मध्ये टाळेबंदी झाली आणि कचेऱ्या रातोरात घरांत आल्या. माणसे समोर दिसेनाशी झाली, तेव्हा ती काम करीत आहेत की नाही ही शंका वरिष्ठांना भेडसावू लागली. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये मायक्रोसॉफ्टने आपल्या साधनांबरोबर 'उत्पादकता गुणांक' देण्याची सोय पुढे आणली. कोणत्या कर्मचाऱ्याने किती दिवस ई-मेल पाठविले, किती दिवस सामायिक कागदांवर काम केले, किती दिवस ग्रुपमध्ये निरोप लिहिले, हे नावानिशी पाहता येत होते. युरोपातील खासगीपणाच्या अभ्यासकांनी त्यावर झोड उठविली, आणि १ डिसेंबर २०२० रोजी कंपनीने व्यक्तींची नावे काढून टाकत असल्याचे जाहीर केले. म्हणजे टेलरचे घड्याळ एकशे दहा वर्षांनी परत आले होते. फरक एवढाच की टेलरचा माणूस घड्याळ घेऊन समोर उभा तरी असे.

सामायिक कागदाला स्मरणशक्ती असते. कोणी कोणते अक्षर कोणत्या मिनिटाला घातले हे त्याच्या 'इतिहासा'त राहते. विकिपीडियाच्या प्रत्येक पानावर तो इतिहास सर्वांसाठी उघडा असतो आणि त्यामुळेच तेथे खोडसाळपणा पकडता येतो. पण हा इतिहास टंकलेखनाचा आहे, कामाचा नाही. दोन्ही एकच मानले की अन्याय सुरू होतो.

गेल्या सत्रात आमच्या अर्थशास्त्राच्या गटाने शेजारच्या दोन वाड्यांतील कुटुंबांच्या कर्जाची पाहणी केली. माहिती सामायिक शीटमध्ये भरावयाची होती. गटात पाच जण. शीटचा इतिहास उघडला तर त्यात दोनच नावे दिसत, कारण दोघांकडेच लॅपटॉप होते. फोनच्या पडद्यावर अठरा रकान्यांची शीट भरणे किती जिकिरीचे असते हे ज्याने केले त्यालाच ठाऊक. आमच्यातील एक मैत्रीण त्या वाड्यांपैकी एकीत राहते. सावकाराचे कर्ज किती हे कोणी परक्या मुलांना सांगत नाही; तिने चुलीपाशी बसून, कोणाला मावशी, कोणाला काकी म्हणत, ते काढून घेतले, घरी वहीत लिहिले आणि वहीच्या पानांचे फोटो ग्रुपवर पाठविले. संपूर्ण पाहणीत ज्या रकान्याला काही किंमत होती तो रकाना तिचा होता. शीटच्या इतिहासात तिच्या नावाची एकही नोंद नव्हती. गुण इतिहास पाहून द्यावयाचे असे ठरले असते तर तिला शून्य मिळाले असते.

ही गोष्ट एका शीटची आहे, पण जेथे जेथे काम साधनांवरून मोजले जाते तेथे ती घडते. अंगणवाडीच्या ताई आता मुलांच्या वजनाच्या नोंदी फोनमधील ॲपवर करतात. नोंद दिसते; रुसलेल्या पोराला काट्यावर बसविण्यासाठी घालविलेला अर्धा तास दिसत नाही. टेलरच्या फाळणीत ज्याने डोके चालविले त्याला मान आणि ज्याने हात चालविले त्याला मजुरी होती. नव्या फाळणीत ज्याच्या हाती पडदा आहे तो दिसतो, ज्याच्या हाती नाही तो दिसत नाही. माझ्या घरी महाविद्यालयात आलेली मीच पहिली, त्यामुळे न दिसणाऱ्यांची बाजू मला जरा लवकर दिसते असे कोणी म्हणेल, तर ते मला मान्य आहे.

आपल्याकडे शेतीत मिळून काम करण्याची रीत फार जुनी आहे. एकाचे बैल आणि दुसऱ्याचे बैल जोडून आळीपाळीने दोघांची शेते करायची ती सावड. साऱ्या गावाने आपापले नांगर आणून एकाचे शेत एका दिवसात नांगरून द्यायचे आणि त्याने सर्वांना जेवू घालायचे ती इर्जिक. ट्रॅक्टर आल्यापासून ती विरळ झाली आहे. सावडीत हिशेब असतो, पण तो तासांचा नसतो. आज तुझ्याकडे, उद्या माझ्याकडे. म्हाताऱ्याचा दिवस आणि तरण्याचा दिवस सारखाच धरायचा. हे गणित शीटमध्ये बसणार नाही, आणि एंगेलबार्टच्या प्रयोगशाळेत जे जमले ते सावडीच्या धर्तीवर होते की नाही हे ताणून सिद्ध करण्याचा मोह मी टाळते. बांधावर उभे राहिले की कोण नांगरतो आहे, कोण बैलांना पाणी दाखवितो आहे आणि कोण भाकऱ्या थापते आहे हे सगळ्यांना एका नजरेत दिसते. पडद्यावर ते मुद्दाम लिहून ठेवल्याशिवाय दिसत नाही.

आमच्या शीटपुरता आम्ही एक उपाय केला. पहिल्या रकान्याआधी दोन नवे रकाने घातले: 'माहिती कोणी मिळविली' आणि 'नोंद कोणी केली'. जुन्या सर्व ओळींसाठी ते मागे जाऊन भरले. सरांनी शीट पाहिली तेव्हा पहिल्या रकान्यातील एकच नाव इतक्या ओळींवर का आहे असे विचारले, आणि मग त्या मैत्रिणीची वही मागवून घेऊन ती दोन दिवस आपल्याजवळ ठेवली.